बदल : नाही

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. शपथ घ्यायची तर आईची घेतली असती, पण लहानपणी तिच्या इतक्या खोट्या शपथा घेतल्या की तिनंच एकदा हात जोडले, "बाबा रे, आता थोडे दिवस तुझ्या बापाची घे, मला विश्रांती दे." तेव्हा शपथ नको, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. बायको आतून ओरडतेय, ठेवू नका. तिच्या मते माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करावं आणि उरलेल्याला दोनानं भागावं. गणित चांगलं आहे तिचं, पण या खेपेला त्याची गरज नाही. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

म्हणजे, एक भाग घातलाय. एकच. कुठला, ते शेवटी सांगेन.

आणखी एक. अशा गोष्टीला अंधार लागतो, पाऊस लागतो, कुठंतरी कुत्रं रडावं लागतं. माझ्याकडे यातलं काहीच नाही. हे सगळं भर दुपारी घडलं, चार वाजून दहा मिनिटांनी. सरकारी काम असल्यामुळे वेळ पक्की आहे.

आमच्या जागेचं कागदोपत्री नाव 'नैसर्गिक व सांस्कृतिक वारसा राखीव क्षेत्र'. ते पाटीवर मावत नाही, म्हणून आम्ही नुसतं 'राखीव' म्हणतो. एक टेकडी, तिच्या तिन्ही अंगांनी जंगल, खाली तळं, आणि जंगलाच्या पोटात अकरा पडकी दगडी घरं. झाडं म्हणजे नैसर्गिक, पडकी घरं म्हणजे सांस्कृतिक, आणि मी या दोन्हींचा व्यवस्थापक. लोक विचारतात, तिथं तुम्ही नेमकं करता काय? मी सांगतो, काही होऊ देत नाही. नियमपुस्तकाच्या पहिल्या पानावर तसंच आहे : जे जसं आहे ते तसं राखायचं. वाटेवर झाड पडलं तर बाजूला ओढायचं, पण राखीवाबाहेर न्यायचं नाही. पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचं, भिंतींवरच्याला हात लावायचा नाही. पाण्याला वाट करून द्यायची, माणसांची वाट दोरी बांधून अडवायची. आणि संध्याकाळी पाचला सगळ्यांना बाहेर काढून नोंदवहीत लिहायचं, 'क्षेत्र रिकामं'. खाली माझी सही.

या 'जसंच्या तसं'चा पुरावा म्हणजे फोटो. एकतीस वर्षांपूर्वी कुणीतरी राखीवभर बेचाळीस लोखंडी खुंट्या ठोकल्या. दरवर्षी ठरल्या तारखेला, ठरल्या वेळेला, त्या खुंटीवर कॅमेरा टेकवून एकाच दिशेनं फोटो घ्यायचा. तो मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवायचा, नीट बघायचं, आणि 'मागील वर्षाच्या तुलनेत बदल' या रकान्यात काय ते लिहायचं. एकोणिसाव्या खुंटीवरून सात नंबरचं घर दिसतं. वेळ, दुपारी चार दहा. मी नऊ वर्षं तो फोटो घेतला आणि नऊ वर्षं लिहिलं, 'बदल : नाही.' माझ्या आधीच्या दोघांनीही तेच लिहिलेलं होतं.

आता, रोज घरात असलेल्या बापाला आपला पोरगा वाढलेला दिसत नाही. सहा महिन्यांनी येणाऱ्या मामाला दिसतो. आमच्या नियमात मामाची सोयच नव्हती.

मामा आला तो वाळवीच्या रूपानं. ऑफिसातल्या फोटोंच्या कपाटाला वाळवी लागली, म्हणून एका दुपारी मी सगळी पाकिटं बाहेर काढली. फरशी पुसून घेतली आणि खुंटीवार, वर्षवार फोटो मांडायला लागलो. एकोणिसाव्या खुंटीची रांग खिडकीपासून निघाली ती पार दारापर्यंत गेली. मी रांगत रांगत तिच्याबरोबर गेलो.

पहिल्या फोटोत सात नंबरचं घर म्हणजे दगडांचा ढीग. छप्पर नाही, पुढची भिंत गुडघ्याएवढी, आणि मधोमध उगवलेलं एक झाड, मांडीएवढ्या बुंध्याचं. दुसऱ्यातही तसंच. तिसऱ्यात भिंतीवर एक दगड जास्त. चौथ्यात आणखी दोन. मला वाटलं, उन्हाचा खेळ असेल. पुढं सरकलो. दर फोटोत एखाददुसरा दगड. मग खिडकीची चौकट. मग आढं. आणि झाड... झाडानं वाढायला हवं होतं. ते दरवर्षी बारीक होत गेलं होतं. मांडीएवढं, मनगटाएवढं, काठीएवढं. सोळाव्या फोटोत जमिनीतून वर आलेली नुसती दोन पानं होती. सतराव्यात जमीन स्वच्छ, झाडल्यासारखी.

शेवटचा फोटो उंबऱ्याशी होता. तीन आठवड्यांपूर्वी मीच घेतलेला. त्यात चार भिंती होत्या, कौलं होती, फळ्यांचं एक दार होतं. मी या दोन डोळ्यांनी समोर उभं राहून ते घर पाहिलं होतं, आणि त्याच हातानं 'बदल : नाही' लिहिलं होतं.

"साहेब, पत्ते मांडलेत होय?"

दारात आक्का उभी होती. आक्का म्हणजे आमची सगळ्यात जुनी पहारेकरी. साठीला टेकलेली, त्या महिन्याच्या शेवटी निवृत्त व्हायची होती. सगळ्यांत वडील म्हणून शिपायापासून माझ्यापर्यंत सगळे तिला आक्काच म्हणायचे. ती मला 'साहेब' म्हणायची, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला थट्टा चाललीये असं वाटावं. थट्टाच चाललेली असायची.

"आक्का, हे बघा जरा."

तिनं उभ्यानंच रांगेवरून नजर फिरवली. वाणसामानाची यादी वाचावी तशी.

"बरं मग?"

"बरं मग काय? घर बांधलं जातंय!"

"हो." तिनं हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. "फार सावकाश करतात. पहिल्यापासून सवयच आहे तशी."

"कुणाला?"

"बाबांना."

मी उठून खुर्चीत बसलो.

आक्काचा जन्म सात नंबरातला, हे मला फाइलमुळे ठाऊक होतं. पुढचं तिनं त्या दिवशी सांगितलं, फोटोंच्या पलीकडे उभं राहून. चोपन्न वर्षांपूर्वी राखीव जाहीर झालं आणि अकरा घरांना दुसरीकडे जागा मिळाली. आक्का सहा वर्षांची होती. तिचे वडील गवंडी. पाच वर्षं एकट्यानं ते स्वतःचं घर बांधत होते, आणि कुटुंब मागच्या झोपडीत राहायचं. घर पुरं झाल्याशिवाय त्यांनी पोरांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. लॉरी आली त्या दिवशी दार बसवून झालं होतं, नुसती कडी राहिली होती. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी कडी बसवून येतो. आई म्हणाली, सोडून जायच्या घराला कडी कसली बसवताय? ते म्हणाले, अर्धवट काम टाकून जायला मी काय पाहुणा आहे?

लॉरी गेली. ते आले नाहीत. शोध झाला, तळ्यात गळ टाकून झाले. माणूस सापडला नाही, हत्यारांची पिशवीही नाही.

"आईनं नव्या घरात शेवटपर्यंत दाराला कडी लावली नाही," आक्का म्हणाली. "चोर आला तर येऊ दे म्हणायची."

"आणि तुम्ही इथं नोकरी धरलीत."

"सदतीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं घर पडतच होतं. मग थांबलं. मग एक दिवस एक दगड चढला."

"अहो, मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"कुणी विचारलं? तुम्ही तर 'बदल नाही' लिहीत होता." तिनं कप उचलला. "मला फक्त एकदा आत जायचंय, साहेब. घर पुरं झालं की. आता तेवढी कडीच राहिलीये. पण महिनाअखेरीनंतर मी दोरीच्या अलीकडची होणार. तिकीट काढून लांबून बघणारी."

इथं शहाण्या माणसानं फोटो गोळा करून कपाटात ठेवले असते आणि वाळवीला म्हटलं असतं, बाई, तू जेव. मी अहवाल पाठवला. वाटलं होतं, एकतीस वर्षांत कुणाला न दिसलेलं मला दिसलं, तर वरून शाबासकी येईल.

आमचे वरचे साहेब म्हणजे फूटपट्टी. हे नाव मी ठेवलेलं नाही, आधीपासूनच होतं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"सात नंबर कुणी बांधलं?"

"माहीत नाही, साहेब."

"म्हणजे अनधिकृत."

"साहेब, दगड सगळे मूळचेच आहेत. चुना जुन्या पद्धतीचा. बाहेरून काहीच आलेलं नाही."

"मूळ नोंदीत काय आहे?"

"मूळ नोंदीत... पडकं आहे."

"मग पडकं हेच मूळ. आपण काय राखतो? मूळ. पंधरा दिवसांत पहिल्या फोटोबरहुकूम करून घ्या. भिंत गुडघ्याएवढी, छप्पर नाही. आणि ते झाड..."

"झाडाचं काय करू, साहेब?"

पलीकडे थोडा वेळ विचार झाला. "झाड लावून घ्या," फूटपट्टी म्हणाले.

चांगलं उभं घर मोडून त्याचं हुबेहूब पडकं घर करायचं, हा हुकूम आमच्याच खात्यात निघू शकतो. मी फोन ठेवला. आक्का दारातच होती. ती नेहमी दारातच असायची.

"कधी पाडताय?"

"बुधवारी गवंडी येईल."

"बुधवार." तिनं बोटांवर हिशेब केला. "तोवर नाही व्हायची कडी. लोखंडाच्या कामात हात नाही त्यांचा."

मी म्हटलं, "आक्का, आज चहा गोड झालाय."

"साखर तुम्हीच घातलीत."

बुधवारी जेवणं उरकल्यावर गवंडी आला. पन्नाशीचा, बुटका, तंबाखू खाणारा माणूस. आमच्या पायऱ्या, कठडे तोच दुरुस्त करायचा. तोंडानं फटकळ, पण हात असा की त्यानं लावलेला दगड आणि शंभर वर्षांपूर्वीचा दगड यांत फरक दाखवून द्यावा तर त्यानंच.

आम्ही तिघं निघालो. मी पुढं, गवंडी मध्ये, आक्का मागं. ऊन होतं, पण जुन्या चादरीसारखं, विटलेलं. तळ्यापर्यंत पाखरांचा नुसता कालवा चालू होता. तळं ओलांडून घरांच्या वाटेला लागलो, आणि कुणीतरी खोलीचं दार लोटून घ्यावं तसा तो आवाज मागं राहिला. पाखरं दिसत होती. फांद्यांवर बसलेली होती. पण सगळी एकाच बाजूला तोंड करून, गप्प.

मग वास आला. भिजलेल्या चुन्याचा. ज्यानं लहानपणी घराला चुना देताना पाहिलंय त्याला तो वास ठाऊक असतो, थंड, नाकाच्या शेंड्याला चावणारा. त्या जंगलात अर्धं शतक कुणी चुना भिजवलेला नव्हता.

गवंड्यानं नाक वर केलं. "काम चालू आहे का कुठं?"

मी चालत राहिलो. आक्काही.

सात नंबरसमोर पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. अंगण झाडलेलं होतं. अकरांपैकी दहा घरांच्या पोटात झाडं आणि वेली, आणि हे एकच असं, जणू माणसं आत्ताच बाजाराला गेलीत. गवंडी भिंतीपाशी गेला. त्यानं तळहात दगडांवरून फिरवला, एका सांध्यात नख घातलं, मग पाठ भिंतीला लावून डोळा बारीक करून कडेकडेनं बघितलं.

"कुणाचं काम हे?"

"का?"

"नाही, विचारतो. आमच्या आज्याच्या वेळेला अशी माणसं होती म्हणतात." तो थुंकायला वळला, पण अंगणाकडे बघून थुंकी गिळली. "हे पाडायचं?"

"हुकूम आहे."

"हुकूम देणाऱ्याच्या घरी एकदा भिंत बांधायला बोलवा मला," तो म्हणाला, पण शिडी लावली. कोपऱ्यातली दोन कौलं उतरवली, वरच्या थरातले तीन दगड पहारीनं सैल करून खाली आणले आणि अंगणात ओळीनं ठेवले. मग हात धुवायला ओढ्यावर गेला. आक्का चिंचोळ्या वाटेवर उभी होती, दाराकडे बघत. मी तिथंच, भिंतीपासून चार पावलांवर, मान खाली घालून फॉर्म भरत होतो. 'बदल' या रकान्यात आता काय लिहावं याचा विचार करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा तिथं 'आहे' लिहायची वेळ आली होती.

आवाज काहीच झाला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण मला तोच प्रश्न विचारतो.

गवंडी परत आला आणि वाटेतच थांबला.

"साहेब, ही चेष्टा कुणी केली?"

मी मान वर केली. अंगणात दगड नव्हते. तिन्ही वर, आपापल्या जागी बसलेले होते, कौलंही. सांध्यातला चुना ओला होता. एका सांध्यावरून पांढरा ओघळ हळूहळू खाली येत होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो मध्येच थांबला. कुणीतरी बोटानं पुसावा, तसा.

गवंडी बराच वेळ त्या ओघळाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर भीती होती असं म्हणता येणार नाही. आपल्यापेक्षा चांगलं काम बघितल्यावर कारागिराचं जे होतं, ते होतं.

तेवढ्यात आतून ठोका ऐकू आला. टक्. जरा वेळ थांबून, टक्. लोखंडावर लोखंड. सवय नसलेल्या हातानं, जपून मारलेला.

गवंड्यानं शिडी काढली. पहार, करणी, थापी, सगळं पिशवीत भरलं.

"कुठं निघालास?"

"घरी."

"अरे, पण हुकूम..."

"साहेब, एका भिंतीवर दोन गवंडी, असं काम मी करत नाही." तो दबक्या आवाजात बोलत होता, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा. "त्यातून वडील माणूस आत काम करत असताना तर नाहीच नाही. तुम्हाला करायचं असेल तर यंत्र आणा. आणि यंत्र आणलंत तर मला कळवू नका."

तो गेला. जाताना घराकडे बघून त्यानं डोक्याचा रुमाल काढला आणि वळणावर पोचल्यावर पुन्हा बांधला.

आता आम्ही दोघंच. आत टक्... टक्...

"यंत्र आणतील?" आक्कानं विचारलं.

"फूटपट्टी आणतील. उद्याच आणतील."

"मग मी आत जाऊन सांगते त्यांना. आटपा म्हणावं लवकर."

"आक्का, नियम आहे. एकट्यानं कुणी..."

"हेल्मेट घालून जाऊ?"

मी खरंच पिशवीतून हेल्मेट काढून दिलं. माणूस गडबडला की नियमाला धरून बसतो, निदान मी बसतो. तिनं ते घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि उंबऱ्याशी खाली ठेवलं.

"नका जाऊ," मी म्हणालो. तोंडून 'ऐका माझं' असंही काहीतरी निघालं. "आत कोण आहे, आपल्याला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही," आक्का म्हणाली.

तिनं चापूनचोपून केस सारखे केले. गणवेशाच्या शर्टाची वरची गुंडी लावली. मग दाराला हात लावला, आणि तिथं थांबली. साठीची बाई, सदतीस वर्षं जंगलात एकटी फिरलेली, साप काठीनं बाजूला सारणारी; पण दार लोटलं नाही तिनं.

"बाबा," ती दाराला म्हणाली. "येऊ का?"

ठोके थांबले.

दार आतून उघडलं. फार नाही, एक माणूस तिरकं होऊन जाईल इतकं. आत काय होतं म्हणून विचाराल तर उजेड होता. अंधार असता तर बरं झालं असतं. सकाळी आठचा असावा तसा कोवळा, पिवळा उजेड. आणि बाहेर चार वाजून गेले होते. आक्का तिरकी होऊन आत गेली. दार पुन्हा लागलं, अगदी हलकं. झोपलेलं लेकरू उठू नये म्हणून लावतात तसं.

मी घड्याळ बघितलं. चार दहा. सवयीनं मी एकोणिसाव्या खुंटीकडे गेलो, कॅमेरा टेकवला आणि फोटो घेतला. का घेतला ते विचारू नका.

मग ऐकत राहिलो. आधी काहीच नाही. मग एक जाड, पुरुषी आवाज, शब्द न कळणारा. मग आक्काचा... नाही. आक्काचा नव्हता. कुणीतरी लहान, पाच-सहा वर्षांचं, अखंड बोलत होतं. धाप लागेपर्यंत, वाक्यं अर्धवट टाकून, दिवसभराच्या गमती बापाला सांगतात तसं. मध्येच खुदकन हसणं. मग पुन्हा ठोका. एक, दोन. मग एक नवीन आवाज, लोखंड लोखंडात सरकल्याचा, आणि खट् करून बसल्याचा.

कडी झाली होती.

बरोबर पाचला आक्का बाहेर आली. गुडघ्यांवरचा चुना झटकला, उंबऱ्याशी ठेवलेलं हेल्मेट उचलून माझ्या हातात दिलं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, घर बघितलं, चांगलं झालंय. वाटेत बुटांबद्दल कुरकुरत होती, खात्याचे बूट अंगठ्याला चावतात म्हणून. फाटकापाशी तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं, सव्वापाचची बस पकडली. महिनाअखेरीला निवृत्त झाली. हल्ली भाचीकडे राहते असं ऐकतो.

राहिलं फूटपट्टींचं. यंत्र आणायच्या आत मी त्यांना कळवलं की काम झालं, आणि पुरावा म्हणून सात नंबरचा पहिला, एकतीस वर्षांपूर्वीचा फोटो नवी तारीख घालून पाठवला. गुडघ्याएवढी भिंत, मधोमध झाड. आठवड्यानं अभिनंदनाचं पत्र आलं. मूळ स्थिती इतक्या बारकाव्यानं आणणारं राखीव दुसरं नाही, झाडाची फांदीन् फांदी जुळते, असं त्यात होतं. ते मी काच लावून टांगलंय. तेव्हापासून दरवर्षी तोच फोटो पाठवतो. खरे फोटोही घेतोच, चार दहाला. ते घरी ठेवतो, माझ्या खणात, मोज्यांखाली.

मागल्या महिन्यात बायकोनं तो खण आवरायला काढला.

"हे कुणाचं घर हो?"

"कामाचं आहे. ठेव तिथं."

"छान ठेवलंय. माणसं राहतात वाटतं." तिनं फोटो खिडकीपाशी नेला. "दोरीवर कपडे वाळत घातलेत. हा पुरुषाचा शर्ट. आणि हा बघा, किती एवढासा फ्रॉक!" मग दुसरा फोटो, मग तिसरा. जरा वेळानं तिचा आवाज बदलला. "अहो... हे तीन वर्षांचे फोटो आहेत ना? पोरीचा फ्रॉक वाढत कसा नाही?"

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करणारी ही बाई. त्या दिवशी तिनं काहीच वजा केलं नाही. फोटो होते तसे मोज्यांखाली ठेवले आणि खण लावला.

आता कबूल केल्याप्रमाणे. यातला एक भाग मी रचलेला आहे. आक्का पाचला बाहेर आली, तो. चुना झटकणं, बूट चावणं, सव्वापाचची बस, सगळं. भाचीही मीच दिली तिला, एकटी वाटू नये म्हणून. इतक्या लोकांना सांगितलंय की आताशा मलाही ती फाटकापाशी पाणी पिताना दिसते. आधी पोलिसांना सांगितलं, मग तिच्या भावाला. त्यांनी बसथांब्यावर शोधलं, तिच्या गल्लीत शोधलं, दवाखान्यांत शोधलं. जंगलात कुणी शोधलं नाही, कारण नोंदवहीत माझ्या सहीनं जंगल रिकामं होतं. तेव्हा हा भाग खोटा, बाकी सगळं खरं. त्या दिवशी पाचला जे झालं ते इतकंच : मी उंबऱ्यावरचं हेल्मेट उचललं आणि दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून विचारलं. आवाज लहान मुलीचा होता.

मी माझं नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. म्हटलं, "आक्का, चला, वेळ झाली."

आत कुजबुज झाली. बराच वेळ. मग ती पोरगी दाराच्या अगदी जवळ आली, लाकडाला तोंड लावून बोलावं इतकी जवळ, आणि शिकवल्याप्रमाणे, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली,

"बाबा म्हणतात, आम्ही तुम्हाला ओळखत नाही."